पेश्टिगोचे अग्निसंग्रहालय : एका लाकूडगावाची जमाखर्चाची वही

विस्कॉन्सिन राज्याच्या ईशान्य टोकाला, ग्रीन बे शहराच्या उत्तरेस सुमारे पन्नास मैलांवर, पेश्टिगो नावाचे साडेतीन हजारांच्या आत वस्ती असलेले गाव आहे. तेथील ओकोंटो अव्हेन्यूवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत १९६३ सालापासून ‘पेश्टिगो फायर म्युझियम’ हे छोटे संग्रहालय चालते आणि त्याला लागूनच १८७१ च्या वणव्यात बळी पडलेल्यांची दफनभूमी आहे. गावची इतिहास संस्था आणि तिचे स्वयंसेवक हे सारे सांभाळतात. प्रवेशशुल्क नाही, मनाला येईल ती देणगी पेटीत टाकावी अशी पद्धत आहे. शिकागो किंवा मिलवॉकी परिसरात राहणारी आपली मंडळी उन्हाळ्यात डोर काउंटीला चेरी तोडायला आणि दीपगृहे पाहायला जातात, परंतु ग्रीन बेच्या उपसागराचा पश्चिम किनारा सहसा कोणी धरत नाही. तो एकदा धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या संग्रहालयात जाताना केवळ एका भीषण रात्रीची गोष्ट ऐकायला जाऊ नये. इथल्या वस्तूंकडे लाकडाच्या धंद्याचा हिशेब म्हणून पाहिले, तरच त्या खऱ्या अर्थाने बोलू लागतात.

घटना थोडक्यात अशी. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रविवारी रात्री पेश्टिगो आणि त्याच्या आसपासचा सुमारे बारा लाख एकरांचा मुलूख जळाला. एकट्या गावात सुमारे आठशे माणसे मेली आणि एकूण मृतांचा अंदाज बाराशेपासून अडीच हजारांपर्यंत केला जातो. जंगलातील आगीने इतके बळी अमेरिकेच्या नोंदलेल्या इतिहासात त्याआधीही घेतले नव्हते आणि त्यानंतरही घेतलेले नाहीत. योगायोग असा, की त्याच रात्री शिकागो शहरही पेटले. तिथे सुमारे तीनशे माणसे दगावली, पण तिथे वर्तमानपत्रे होती, तारखाती होती, बँका होत्या. त्यामुळे जगाला शिकागो आठवते आणि पेश्टिगो आठवत नाही. ही तक्रार गावाच्या मनात दीडशे वर्षे आहे आणि ती अगदी रास्त आहे. तरीही, ‘आम्हांला जग विसरले’ या सुरात सगळा इतिहास सांगितला गेला, की मूळ प्रश्न बाजूला राहतो : इतके जळण तिथे जमले कसे?

त्यासाठी आगीच्या मागे पस्तीस वर्षे जावे लागते. हा सगळा प्रदेश मेनॉमिनी या मूळनिवासी लोकांचा. १८३६ च्या करारान्वये त्यांनी सुमारे चाळीस लाख एकर जमीन अमेरिकी सरकारला सोडून दिली आणि तिच्या मोबदल्यात एकरी सतरा सेंट इतका भाव पडला. या जमिनीवर उंच, सरळ वाढणारे पांढरे पाइन उभे होते. हे लाकूड वजनाला हलके, रंध्याखाली मऊ, आणि मुख्य म्हणजे पाण्यावर उत्तम तरंगणारे, त्यामुळे रेल्वे नसलेल्या काळात ते नदीच्या पाठीवरून फुकट वाहून नेता येत असे. दुसऱ्या बाजूला, मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला, शिकागो शहर वाढत होते आणि त्याच्या पश्चिमेला झाडांचा मागमूस नसलेली गवताळ मैदाने नव्या शेतकऱ्यांनी भरत चालली होती. त्या प्रत्येक शेतकऱ्याला घर हवे, कोठार हवे, कुंपण हवे. उत्तरेतल्या नद्यांवरच्या गिरण्यांनी कापायचे, सरोवरातून शिकागोच्या वखारींत उतरवायचे आणि तिथून रेल्वेने मैदानात पाठवायचे, अशी साखळी जमली आणि शिकागो ही जगातली सर्वांत मोठी लाकूडपेठ झाली. पेश्टिगो ही त्या साखळीच्या वरच्या टोकाची एक कडी होती.

गावाचा धनी शिकागोतच राहत असे. विल्यम ओग्डेन हे शिकागोचे पहिले महापौर. १८३७ साली ते निवडून आले होते. कालवे, जमिनी, पूल आणि रेल्वे या सर्वांत त्यांचा पैसा गुंतलेला होता. १८५६ साली त्यांनी पेश्टिगोतील गिरणी आणि भोवतालचे विस्तीर्ण जंगल ताब्यात घेतले आणि पेश्टिगो कंपनी उभी केली. शेजारच्या मॅरिनेट गावातील आयझॅक स्टीफन्सन हे त्यांचे भागीदार. ते स्वतः जंगलात कुऱ्हाड चालवून वर आलेले गृहस्थ होते आणि पुढे अमेरिकेच्या सिनेटपर्यंत पोहोचले. मॅरिनेटचे सार्वजनिक ग्रंथालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. या कंपनीने नदीकाठी लाकडी सामानाचा प्रचंड कारखाना काढला. बादल्या, टब, झाडूचे दांडे, छपराच्या लाकडी पट्ट्या असा नित्याच्या वापराचा माल तिथे तयार होई आणि देशातल्या अशा सर्वांत मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होत असे. नदी उपसागराला मिळते त्या मुखाशी, गावापासून सुमारे सात मैलांवर, कंपनीची दुसरी मोठी गिरणी आणि धक्का होता आणि गाव ते धक्का हे अंतर तोडण्यासाठी कंपनीने स्वतःची छोटी रेल्वे टाकली होती.

संग्रहालयातली अवजारे पाहण्यापूर्वी हे लक्षात घेतले, तर कुऱ्हाडी, दुहाती करवती, ओंडके उलटवण्याचे आकडे ही केवळ जुनी लोखंडे वाटत नाहीत. तोड हिवाळ्यात चाले, कारण जमीन गोठली की ओंडके लादलेल्या घसरगाड्या बर्फावरून घोड्यांना ओढता येत. नदीकाठी ओंडक्यांच्या राशी लागत आणि वसंतात बर्फ वितळून नदीला पाणी चढले, की त्या सगळ्या राशी पाण्यात लोटल्या जात. ओंडक्यांबरोबर माणसेही नदीतून खाली येत, अडकलेला गुंता सोडवत, कमरेइतक्या गार पाण्यात उभी राहत. हे काम करणारे बहुतेक जण जर्मनी, स्कॅंडिनेव्हिया आणि फ्रेंच भाषिक कॅनडातून आलेले होते आणि त्यांच्यातील अविवाहितांची सोय कंपनीच्या मोठ्या वसतिगृहात होई. वणव्याच्या रात्री ते वसतिगृह आतल्या माणसांसह जळाले. त्यात कोण कोण होते, याची नोंद ठेवणारे कोणी उरले नाही आणि मृतांचा आकडा कधीच पक्का झाला नाही याचे हे एक मोठे कारण आहे. १८७३ साली राज्याच्या विधिमंडळाला सादर झालेल्या यादीत मृत आणि बेपत्ता मिळून १,१८२ नावे आहेत. ज्यांना नावानिशी ओळखणारे कोणीतरी मागे राहिले, तेच त्या यादीत आले, हे उघड आहे.

आता जळणाकडे वळू. पाइन तोडल्यावर कामाचा असे तो फक्त खोड. शेंडा, फांद्या, वाकडी झाडे, साली हे सगळे जागच्या जागी टाकून लाकूडतोडे पुढे सरकत. गिरणीत कापताना जो भुसा निघे, तो तर डोंगरासारखा साठे. हा भुसा टाकायचा कुठे, याचे उत्तर पेश्टिगोने असे काढले, की चिखल होऊ नये म्हणून तो रस्त्यांवर पसरायचा आणि लाकडी पादचारी वाटांच्या खाली भरायचा. घरे लाकडाची, छपरे लाकडाची, वाटा लाकडाच्या, पूल लाकडाचा, कारखान्याच्या अंगणात बादल्या आणि टब यांच्या चळती, आणि गावाच्या भोवती मैलोन्‌मैल वाळलेल्या फांद्यांचे ढीग. वर्षभर होळी रचत राहावे आणि तिच्या मध्यभागी आपले बिऱ्हाड थाटावे, असा तो प्रकार होता. यात कोणाचा वेडेपणा नव्हता, हेही सांगायला हवे. फांद्या गोळा करून हलवायला मजुरी लागते, ती मजुरी फळीच्या भावात बसत नाही आणि शेजारची कंपनी ती देत नसेल तर आपणही देत नाही, इतका तो साधा व्यवहार होता.

त्यात १८७१ चा उन्हाळा कोरडा गेला. जुलैनंतर म्हणण्यासारखा पाऊसच झाला नाही, दलदली आटल्या, जमिनीखालच्या मुळांपर्यंत आग धुमसू लागली. नवे शेतकरी जमीन मोकळी करण्यासाठी झाडेझुडपे जाळत होते. ती त्या भागातील रूढ पद्धतच होती. शिवाय ग्रीन बेकडून उत्तरेला रेल्वेमार्ग टाकण्याचे काम चालू होते आणि ते मजूरही तोडलेली झाडे पेटवून देत पुढे जात होते. हा मार्ग शिकागो अँड नॉर्थवेस्टर्न या कंपनीचा होता आणि १८६८ पर्यंत तिचे अध्यक्ष ओग्डेन हेच होते. म्हणजे गिरणी, भुसा आणि रेल्वेचा जाळ या तिन्हींचे धागे शिकागोतल्या एकाच गृहस्थाच्या दाराशी जाऊन पोचतात. ओग्डेन यांना दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही, त्या एका रात्रीत शिकागो आणि पेश्टिगो अशा दोन्ही ठिकाणची त्यांची मालमत्ता जळाली. पण संग्रहालयातून बाहेर पडणाऱ्या माणसाने एवढे तरी जुळवून पाहावे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच आग गावाच्या वेशीवर येऊन गेली होती. लोकांनी पाणी मारून, खंदक खणून ती थोपवली, पिंपे भरून ठेवली आणि संकट टळले असे मानून कामे पुन्हा सुरू केली. मॅरिनेट आणि पेश्टिगो यांना बाकी जगाशी जोडणारी तारही आगीत जळून तुटली होती. पुढे आठ ऑक्टोबरला नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटला, ठिकठिकाणी धुमसणाऱ्या लहान आगी एकत्र आल्या आणि रात्री साधारण नऊ-दहाच्या सुमारास आगगाडीसारखा गडगडाट ऐकू येऊ लागला. त्यानंतर गाव संपायला तासाभराहून फार अधिक वेळ लागला नाही. आजच्या परिभाषेत याला अग्निवादळ म्हणतात : आगीची उष्णता इतकी वाढते, की ती भोवतालची हवा स्वतःकडे ओढून घेते आणि आपला वारा आपणच तयार करते. त्या वाऱ्याने छपरे उडाली, झाडे मुळासकट उपटली गेली. अनेक प्रेतांवर जळाल्याची खूणही नव्हती. तापलेल्या हवेचा एक श्वास त्यांना पुरला होता.

या रात्रीचा सर्वांत तपशीलवार वृत्तान्त गावच्या कॅथलिक धर्मगुरूंनी, फादर पीटर पर्निन यांनी लिहून ठेवला. तो १८७४ साली मॉन्ट्रियलमध्ये छापला गेला आणि त्याच्या विक्रीतून जळालेल्या चर्चच्या जागी नवे चर्च बांधण्यासाठी पैसा उभा करायचा होता. संग्रहालयात सर्वांत जास्त गर्दी ज्या वस्तूपुढे होते, ती त्यांचीच : चर्चच्या वेदीवर पवित्र भाकरी ठेवण्याची लाकडी पेटी. त्या रात्री ती उचलून त्यांनी गाडीत घातली, स्वतः गाडी ओढत नदीपर्यंत नेली आणि शक्य तितकी पाण्यात लोटून दिली. तीन दिवसांनी ती पेटी नदीतल्या एका ओंडक्यावर शाबूत सापडली. श्रद्धावंतांनी तिला चमत्कार मानले आणि त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. मला त्या पेटीपाशी वेगळेच सुचले. भोवतालचे सगळे लाकूड जळाले आणि ही एक पेटी राहिली, ती नदीमुळे; ज्या नदीच्या जोरावर हे गाव वसले, ओंडके वाहिले, गिरणी चालली, त्याच नदीने वाचणाऱ्यांना वाचवले. पर्निन स्वतः पाच तासांहून अधिक काळ पाण्यात उभे होते.

त्यांच्या वृत्तान्तातला एक प्रसंग विसरता येत नाही. पुलाच्या दोन्ही टोकांकडून माणसे, गुरे, गाड्या धावत आल्या, कारण पूर्वेच्या लोकांना पश्चिमेकडे सुटका दिसत होती आणि पश्चिमेच्या लोकांना पूर्वेकडे; मध्यावर दोन्ही लोंढे एकमेकांवर आदळले आणि पूल पेटला. पाण्यात उतरलेल्यांचेही हाल संपले नाहीत. डोके बाहेर ठेवावे तर ज्वाळा पाण्यावरून वाहत येत, म्हणून लोक डोक्यावर ओले कपडे घेऊन एकमेकांवर सतत पाणी उडवत राहिले आणि ते कपडे पाहता पाहता वाळत. ऑक्टोबरच्या पाण्यात गारठून, ओंडक्यांचे तडाखे बसून, बुडूनही माणसे गेली. ओंडका धरून तरंगणाऱ्या एका बाईचा ओंडका पोहत आलेल्या गाईने उलटवला. ती बाई गेलीच असे पाहणाऱ्यांना वाटले, तर ती गाईचे शिंग धरून वर आली आणि वाचली. चर्चच्या घंटेबद्दल पर्निन लिहितात, की ती दूर फेकली गेली होती. तिचा एक भाग तसाच होता आणि उरलेला वितळून वाळूवर पसरला होता.

गावच जळून गेल्यामुळे या संग्रहालयात आगीच्या आधीच्या वस्तू मोजक्याच आहेत आणि तीच त्याची खरी ताकद आहे, असे मी म्हणेन. मातीतून पुढे निघालेली, उष्णतेने दगडासारखी कडक झालेली बायबलची एक प्रत तिथे आहे. ती स्तोत्रे १०६ आणि १०७ यांच्या पानांवर उघडी राहिलेली आहे. आगीच्या रात्रीचे मोठे भित्तिचित्र आहे. वितळून आकार बिघडलेल्या वस्तू आहेत. बाकीचा मोठा भाग वणव्यानंतर उभ्या राहिलेल्या गावाचा : घरगुती भांडी, कपडे, अवजारे, छायाचित्रे. घाईत असलेला पाहुणा हा भाग पटकन ओलांडतो, कारण तो ‘आग’ पाहायला आलेला असतो. तसे करू नये. करवती आणि गिरणीच्या छायाचित्रांपाशी थांबावे, पार्श्वभूमीला उभे असलेले बुंधे मोजून पाहावेत. कापलेली झाडे आणि तशाच पडलेल्या फांद्या यांचे प्रमाण डोळ्यांना दिसते.

कारणांविषयी इथे येणाऱ्या पाहुण्यांमध्ये हमखास एक चर्चा रंगते, ती धूमकेतूची. शिकागो, पेश्टिगो आणि मिशिगन राज्यातील हॉलंड व मॅनिस्टी ही गावे एकाच रात्री जळाली, तेव्हा आकाशातून बिएला धूमकेतूचे तुकडेच पडले असले पाहिजेत, अशी कल्पना १८८३ साली इग्नेशियस डॉनेली या मिनेसोटाच्या राजकारण्याने मांडली आणि ती अजून जिवंत आहे. कल्पना रंजक आहे; टिकणारी नाही. जमिनीवर पोचणारे लहान उल्कापाषाण आग लावण्याइतके तापलेले नसतात, आणि सगळीकडे एकाच वेळी आग का लागली याचे उत्तर सगळीकडे तोच दुष्काळ, तोच वारा आणि तीच लाकूडतोड होती इतके सोपे आहे. आकाशाकडे बोट दाखवले, की जमिनीवरच्या कोणालाच जबाब द्यावा लागत नाही, म्हणून अशा कल्पना लोकांना आवडत असाव्यात.

दफनभूमी संग्रहालयाच्या शेजारीच आहे आणि तिथे शांतपणे फिरण्यासाठी वेळ राखून ठेवावा. ओळख न पटलेल्या सुमारे साडेतीनशे जणांना इथे एकत्र पुरले आहे. १९५१ साली विस्कॉन्सिन राज्याने ऐतिहासिक स्थळांवर अधिकृत फलक लावण्याची योजना सुरू केली, तेव्हा पहिला फलक याच जागी लावला. नावे असलेल्या दगडांवर एकाच कुटुंबातील आई-वडील आणि मुलांच्या मृत्यूची तीच एक तारीख पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. लहान मुलांना घेऊन गेल्यास इथे प्रश्न येतील, त्यांची तयारी ठेवावी. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना मात्र अवश्य न्यावे.

मदत कशी पोचली, तो भागही थोडा तपशिलात सांगण्यासारखा आहे. तार तुटलेली असल्यामुळे बातमी आधी ग्रीन बेला पोचली आणि तिथून राजधानी मॅडिसनला कळवली गेली. ती पोचली तेव्हा राज्यपाल लुसियस फेअरचाइल्ड आणि इतर अधिकारी शिकागोच्या मदतीसाठी निघून गेले होते. राज्यपालांच्या पत्नी फ्रान्सिस फेअरचाइल्ड यांनी कोणत्याही अधिकारपदाशिवाय निर्णय घेतला : शिकागोकडे निघालेला मदतसाहित्याचा रेल्वेडबा त्यांनी उत्तरेकडे वळवायला लावला आणि त्यात पांघरुणे नाहीत हे ध्यानात येताच मॅडिसनच्या घराघरांतून ती गोळा करून डब्यात भरली. वाचलेल्यांवर उपचार मॅरिनेट आणि ग्रीन बे येथे झाले. नदीच्या मुखावरची गिरणी आगीतून वाचली होती, त्यामुळे लाकूड कापणे थांबले नाही. लाकडी सामानाचा कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला नाही. गाव पुन्हा वसले, पुढे कागद गिरणीवर जगले आणि १९०३ साली त्याला नगराचा दर्जा मिळाला. ज्या मुखाशी धक्का होता, तिथे आज वस्ती नाही. तो भाग राज्याच्या वन्यजीव क्षेत्रात मोडतो आणि पक्षी पाहणाऱ्यांना तो ठाऊक आहे.

पेश्टिगोनंतर कोणी शहाणे झाले का, याचे उत्तर खेदाने ‘नाही’ असेच द्यावे लागते. तोड तशीच चालू राहिली, फांद्या तशाच पडत राहिल्या. १ सप्टेंबर १८९४ रोजी मिनेसोटातील हिंक्ली हे लाकूडगाव जळाले आणि चारशेहून अधिक माणसे मेली. १२ ऑक्टोबर १९१८ रोजी त्याच राज्यातील क्लोके आणि आसपासची गावे जळाली आणि साडेचारशेच्या आसपास बळी गेले. कोरडा हंगाम, तोडीचा कचरा, रेल्वेच्या ठिणग्या आणि वारा, हा क्रम प्रत्येक वेळी तोच होता. तोवर बहुतेक पाइन संपले होते आणि कंपन्यांनी आपला पैसा वॉशिंग्टन, ओरेगन आणि दक्षिणेकडच्या जंगलांत हलवला होता.

म्हणूनच मी असे सुचवेन, की पेश्टिगोच्या सहलीला जोडून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेला तासाभराच्या अंतरावरील मेनॉमिनी आरक्षित क्षेत्रात जावे. १८३६ च्या करारात जमीन गमावलेल्या या लोकांनी १८५४ साली वुल्फ नदीकाठी सुमारे २,३५,००० एकरांचे जंगल स्वतःसाठी राखले. लाकूड त्यांनीही कापले आणि आजही कापतात. निओपिट येथील त्यांची गिरणी १९०८ पासून चालू आहे. पण जितके वाढते त्याहून अधिक तोडायचे नाही, या हिशेबाने गेल्या दीडशे वर्षांत दोन अब्ज बोर्ड फुटांहून अधिक लाकूड काढल्यावरही, आज तिथे उभे असलेले लाकूड १८५४ च्या तुलनेत जास्त आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. यावरून किती माल निघाला याची कल्पना यावी. याच जंगलावर १९५४ च्या कायद्याने घाला घातला गेला, जमातीची मान्यताच काढून घेतली गेली आणि दीर्घ लढ्यानंतर १९७३ साली ती परत मिळाली. केशेना येथे त्यांचे लाकूडतोडीचे संग्रहालय आहे. महामार्गावरून आरक्षित क्षेत्राची हद्द कुठे सुरू होते, हे पाटी वाचल्याशिवाय कळते : शेते संपतात आणि उंच झाडी दोन्ही बाजूंनी रस्त्यावर येते. उपग्रहाच्या छायाचित्रातसुद्धा ती हद्द सरळ रेषेत दिसते.

काही व्यावहारिक गोष्टी. संग्रहालय वर्षभर उघडे नसते. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचा बेत करणाऱ्यांनी तो उन्हाळ्यात आणावा आणि निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. शिकागोहून सुमारे अडीचशे मैलांचे अंतर आहे आणि रस्ता उत्तम आहे. इमारत लहान असल्याने वस्तू दाटीने मांडलेल्या आहेत. मोठा गट घेऊन गेल्यास दोन तुकड्या कराव्यात आणि एका तुकडीने आधी दफनभूमी पाहावी. दीड तास पुरतो, वाचत वाचत गेल्यास दोन. जेवणासाठी सात मैलांवरील मॅरिनेट किंवा पुलापलीकडचे मिशिगनमधील मेनॉमिनी गाव सोयीचे पडते. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर घेतलेला बरा. पर्निन यांच्या वृत्तान्ताचे पुनर्मुद्रण विस्कॉन्सिनच्या राज्य इतिहास संस्थेने १९७१ साली, आगीच्या शताब्दीला केले होते. तो फार मोठा नाही आणि जाण्यापूर्वी वाचता आला तर जरूर वाचावा, कारण मग पुलावर उभे राहून खालच्या पाण्याची खोली आपोआप पाहिली जाते. देणगीच्या पेटीत मात्र हात आखडता घेऊ नये. हे संग्रहालय सरकारी अनुदानाच्या थाटात नव्हे, गावकऱ्यांच्या वेळेवर आणि पाहुण्यांच्या नोटांवर चालते.